डिझेल कुठे मुरतंय

"नवीन वायसर टाका असं तुम्ही सांगितलं कुठं होतं?"

परवा फोनवर मला हे ऐकवण्यात आलं. आठवड्यापूर्वी ज्या गॅरेजात डिझेल फिल्टर बदलला, तिथून. वायसर म्हणजे बोल्टाखालची चकती. म्हणजे आता दाढीला बसताना न्हाव्याला 'गळा सोडून' असंही सांगायला हवं.

लासलगावहून कांदा भरून वाशीला निघालेली माझी दहा चाकी गाडी घोटीजवळ चहाला थांबली आणि टाकीशेजारी ओलं दिसलं. पावसाच्या पाण्यावर इंद्रधनुष्य उमटलेलं. नव्वद रुपये लिटरचं. मिस्त्रीला फोन केला. तो सव्वा तासानं आला आणि तो सव्वा तास मला काकांनी दिला.

माकडटोपी, हातात दुधाची पिशवी. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर. "गळती हा माझा विषय," ते म्हणाले आणि चहाच्या टपरीवरचं एकमेव स्टूल उचलून थेट गाडीखाली डोकं घालून बसले. मग घड्याळ लावून थेंब मोजायला लागले. मी काही बोललो की हात वर. मोजणी चुकते.

"मिनिटाला चाळीस."

"बरं."

"वीस थेंबांचा एक मिली. पाण्याचा हं. डिझेलचा थेंब लहान, पण हिशेबाला वीसच धरू. तासाला १२० मिली. दिवसाला पावणेतीन लिटरच्या वर. म्हणजे महिन्याला साधारण पावणेआठ हजार रुपये गेले तुमचे!"

"काका, गळती आजच सुरू झालीय."

"असं तुम्हाला वाटतं," ते इतक्या करुणेनं म्हणाले की मला मागच्या पाच वर्षांतली सगळी उधारी आठवली. मग त्यांनी निदान केलं: टाकी फुटली. उपायही दिला, अंगाचा साबण घासा. ते मलाही ठाऊक आहे. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, बारीक चीर तात्पुरती बुजते, गाडी मुक्कामाला लागते. आमच्या क्लीनरनं अर्धी वडी घासलीसुद्धा. थेंब चाळीसचे एकेचाळीस झाले.

"प्रेशर वाढलं," काका समाधानानं म्हणाले.

मिस्त्री आला. टाकीकडे त्यानं बघितलंही नाही. डिझेल जिथून निघतं तिथून पडत नाही. पाइपाचा, वायरिंगचा, चासीचा हात धरून चालत जातं आणि वाटेल तिथे टपकतं. गाडी पळत असली की वारा ते आणखी मागे नेतो. "म्हणजे पाणी मुरतं तसंच!" काका ओरडले. त्यांना एकदम सहकारी भेटला होता. मला मात्र कोणी विचारत नव्हतं.

मिस्त्रीनं सगळं फडक्यानं कोरडं केलं आणि मला फर्मान सोडलं, "अंगाची पावडर आणा." कोरड्या भागावर पावडर मारायची, इंजिन चालू करायचं, पहिली ओली रेघ जिथून सुरू होते तिथे चोर. मी किराणा दुकानात गेलो.

"बाळ केवढं आहे?" दुकानदार.

"पाच वर्षांचं. साडेचार लाख किलोमीटर चाललंय."

"मग मोठा डबा घ्या."

पावडर मारली, इंजिन सुरू झालं आणि काकांनी बोट पुढे केलं. मिस्त्रीनं त्यांचा हात असा झटकला की दुधाची पिशवी उडाली. काका दुखावले. पण मिस्त्रीचं बरोबर होतं. ट्रकच्या टायरात सव्वाशे पौंडाच्या आसपास हवा असते. या बीएस-सहा इंजिनाच्या रेलच्या, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या, पाइपात त्याच्या दोनशे पटीच्या आसपास दाब. तिथली बारीक धार दिसतसुद्धा नाही, पण कातडी भोसकून आत शिरते आणि जखम टाचणीएवढीच दिसते म्हणून माणूस घरी जातो. मग बोट कापायची पाळी येते. तिथे बोट नाही, पुठ्ठा फिरवायचा. "आमच्याही मेन लाइनला प्रेशर असायचं," काका पुटपुटले.

रेघ उमटली ती रेलवर नव्हे, फिल्टरच्या बँजो बोल्टाखाली, म्हणजे ज्याच्या पोटातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टाखाली. आत जुनाच तांब्याचा वायसर. तांब्याचा वायसर एकदा आवळला की दबतो, कडक होतो. तोच पुन्हा लावला की आवळत बसा. नवीन जोडी तीस रुपये. तीस! फिल्टरचे साडेतीन हजार माझ्याकडून घेणाऱ्याला हे तीस रुपये जड झाले, आणि वर सांगायचं मी.

मिस्त्रीचे हजार, त्यात त्याचं येणं-जाणं. वाशीला पोचायला उशीर झाला म्हणून व्यापाऱ्यानं भाड्यातले पंधराशे कापले. हाच व्यापारी मागच्या महिन्यात दोन दिवस गाडी रिकामी करत नव्हता, तेव्हा हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याच्या पैशाचं, नाव काढलं तर म्हणाला, "धंद्यात थोडं मागंपुढं होतंच." वाटेत कांदा वाळून वजन घटलं तर तेही माझ्या भाड्यातून. डिझेल गळलं तर ते कोणाच्या भाड्यातून, हे मी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

घोटीत निघताना काका पुन्हा स्टुलावर बसले होते. घड्याळ लावून. पूर्ण एक मिनिट आम्ही सगळे गप्प. मिस्त्रीसुद्धा.

"शून्य," ते म्हणाले. आवाज पडलेला. मग फुटलेली पिशवी उचलून क्षणभर तिच्याकडे बघत राहिले.

"अर्ध्या लिटरमधलं पाव गेलं," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी वीस रुपये दिले.