आमच्याकडे कौतुक करून मिळेल

माझ्या आसपासची माणसं सतत काहीतरी करत असतात. वहिनी क्रोशा विणते, मामेभाऊ कागदाच्या घड्या घालतो, शेजारच्या काकू भरतकाम करतात. ऑफिसातल्या एका गृहस्थांकडून साधी फाइल वेळेवर येत नाही, पण घरी ते लाकडातून पक्षी कोरतात, तेही पिसांसकट. मी यातलं काहीच करत नाही. म्हणून मला सुट्टी आहे असं मात्र समजू नका. करणारे एवढे म्हटल्यावर बघणारंही कुणीतरी लागतंच, आणि ते खातं सर्वानुमते माझ्या गळ्यात पडलं आहे.

बघण्यात काय कठीण, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या वहिनीने विणलेला प्राणी एकदा हातात घ्यावा. अमिगुरुमी नावाचा जपानी प्रकार आहे, लोकरीची गोल गरगरीत बाहुली. डोळे दोन, कान दोन, मधे एक फुगवटा. वहिनी समोर उभी, चेहऱ्यावर परीक्षकाची शांतता. अशा वेळी प्राण्याचं नाव घ्यायचं नसतं. 'अय्या, ससा!' असं एखादा नवखा म्हणून जातो, आणि मग तो हत्ती होता हे त्याला वर्षभर ऐकावं लागतं. मी म्हणते, "अगं, याचे डोळे बघ ना!" डोळे सगळ्याच प्राण्यांना असतात. वहिनी खूश होते आणि ओघात म्हणून जाते, "हो ना, हत्तीचे डोळे जमणं सोपं नसतं." मग पुढचं कौतुक मी सोंडेपासून निर्धास्तपणे सुरू करते.

'अगदी विकतच्यासारखं झालंय' हे वाक्य तर सुरुंगासारखं जपून वापरावं लागतं. काकूंना ते ऐकून धन्य वाटतं. वहिनीला ऐकवलंत तर ती सुई खाली ठेवते आणि तुमचा वर्ग घेते. स्वेटर यंत्रावर विणता येतो, पण क्रोशाचं तसं नाही. दुकानात टांगलेली खरी क्रोशाची वस्तूही कुठेतरी कुणीतरी हातानेच विणलेली असते, यंत्रातून येतं ते फक्त क्रोशासारखं दिसणारं. "म्हणजे विकतचं माझ्यासारखं असतं, माझं विकतच्यासारखं नसतं," इति वहिनी. यावर मान डोलावण्यापलीकडे काही करायचं नसतं. साखळी, मुका खांब, खांब या टाक्यांच्या नावांवरही मी नुसती मान डोलावते. त्यात इंग्रजी पुस्तकं अमेरिकन असली तर एका टाक्याला एक नाव आणि ब्रिटिश असली तर त्याच टाक्याला दुसरं. अमेरिकेचा 'सिंगल' तो ब्रिटनचा 'डबल'. त्या गोंधळात एक टोपी पिशवी झाली होती. मी पिशवीचं कौतुक केलं.

काकूंचं प्रकरण वेगळं आहे. त्या क्रॉस स्टिच करतात, म्हणजे जाळीच्या कापडावर फुल्या फुल्या. त्यांना चुकूनसुद्धा 'किती वेळ लागला हो?' असं विचारू नये. मी विचारलं होतं. काकूंनी चष्मा वर सरकवला आणि हिशेब मांडला. कापड चौदा काउंटचं, म्हणजे एका इंचात 14 फुल्या. चौरस इंचात 196. चित्र दहा इंच बाय दहा इंच. "म्हणजे किती झाल्या?" 19,600, असं मी फोनवर करून सांगितलं. "आणि एका फुलीला टाके किती? दोन!" तिथून पुढे त्या चित्रातलं गुलाबाचं फूल मला दिसेनासंच झालं, नुसता पाढा दिसायला लागला.

पण काकूंनीच मला या धंद्यातली सगळ्यात मोठी खुबी शिकवली. मी समोरून वाहवा करत होते तर त्यांनी माझ्या हातातून कापड ओढून घेतलं आणि उलटं केलं. "इकडून बघ. समोरून काय, कुणीही करतं!" मागे एकही गाठ नव्हती. दोऱ्याची टोकं आधीच्या टाक्यांखालून सरकवून गडप केलेली, एका रंगावरून दुसऱ्यावर उड्या नाहीत. ज्या बाजूला फ्रेमचा पुठ्ठा लागणार आणि जी पुन्हा कुणीही बघणार नाही, त्या बाजूसाठी काकू समोरच्यापेक्षा जास्त जीव टाकतात. तेव्हापासून भरतकाम हातात आलं की मी आधी ते उलटं करते, भुवया उंचावते आणि नुसतं "हं..." म्हणते. त्या एका 'हं'वर माझी जाणकार म्हणून ख्याती पार दुसऱ्या गल्लीपर्यंत गेली आहे.

मामेभावाचं कौतुक करायला मात्र जागाच उरलेली नाही, अगदी शब्दशः. कागदाचे हजार क्रौंच पक्षी घडवले की इच्छा पूर्ण होते, अशी जपानी समजूत आहे. त्याची इच्छा काय ते तो सांगत नाही. जेवणाचं टेबल दिसावं ही मामीची इच्छा मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या कारकिर्दीतला मानाचा तुरा म्हणजे वहिनीचा रुमाल. दर ओळीत तिचे टाके जरुरीपेक्षा जास्त वाढत गेले आणि सपाट व्हायचं सोडून त्याची झालरच झाली. इस्त्री केली, वर शब्दकोश ठेवला, तरी कडा हलतच होत्या. वहिनी उसवायला बसणार एवढ्यात मी म्हटलं, "थांब, ही भूमिती आहे!" आणि ती खरंच भूमिती होती. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी असेच दर ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सपाट न राहता झालरीसारखं वळत जाणारं पृष्ठ, विणलं. कागदाची प्रतिकृती हाताळून फाटायची, लोकरीची टिकली. आता तो रुमाल दिवाणखान्यात आहे आणि कपाळाला आठ्या घालून बघणाऱ्या पाहुण्यांना वहिनी म्हणते, "गणित आहे ते."

इथवर निभतं. पण कौतुक करणाऱ्यावर ते चारचौघांत पोचवायचीही जबाबदारी असते, आणि तिथे फोटो येतो. "हा रंग शेवाळी आहे, तुझ्या फोटोत पालक झालाय." मग खिडकीपाशी. मग माझा अंगठा. मग वस्तू नीट, पण मागे वाळत घातलेले मोजे. शेवटी तो एकदाचा पाठवला की दहा मिनिटांत मागण्या येतात. 'मस्त! मला निळ्यात हवी.' 'असं घरी करता येतं का, पंधरा मिनिटांत?' ही असली उत्तरं मी कलाकारापर्यंत पोचू देत नाही. मधल्या मधे गिळते.

वहिनीने विणलेल्या शालीचा फोटो मी असाच पुढे पाठवला, तिच्या नावासकट. नाव दुसऱ्या वळणावर गळालं. फोटो हिंडत हिंडत आत्याकडे पोचला आणि आत्याने तो पाठवला थेट वहिनीला, खाली मजकूर: 'बघ, लोक कसं कसं करतात! तूही फावल्या वेळात काहीतरी शीक.'

शाल आपलीच आहे हे उघड न करता वहिनीने उत्तर दिलं, 'समोरून ठीक आहे. मागची बाजू दाखवा.'

आत्याने ते ज्यांच्याकडून फोटो आला होता त्यांना विचारलं, त्यांनी त्यांच्या आधीच्यांना, आणि काल रात्री मला निरोप आला: 'त्या शालीचा मागून फोटो आहे का गं? आमच्या ओळखीत एक बाई आहेत, फार चिकित्सक आहेत म्हणे.'