एक दुपट्टा बॅगेत असू द्या

प्रवासावरच्या एका लेखात, चर्चमध्ये अंग झाकायला सोबत जॅकेट ठेवा म्हटलंय, पण जुलैतल्या रोममध्ये जॅकेट? आम्ही नागपूरकर उन्हाला घाबरत नाही, तरी तिथं दगडी चौकात तासभर रांगेत उभं राहून जीव मेटाकुटीला आला होता. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांनाही. टूरवाल्यांनी हे आधी सांगितलंच नाही. आमचे हे हाफ पँटमध्ये! दारापर्यंत पोहोचून परत फिरले आणि बाहेरच्या फेरीवाल्याकडून पातळसा पायजमा घेऊन आले. किंमत विचारू नका. माझं मात्र निभावलं, कारण नागपुरात सदर भागात जाताना स्कूटीवर तोंडाला बांधते तोच सुती दुपट्टा पर्समध्ये होता. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर खांद्यांभोवती गुंडाळला, झालं.

आणखी एक. आपल्याकडे देवळात चप्पल बाहेर काढायची सवय, म्हणून सासूबाई तिथंही सँडलचा पट्टा सोडायला वाकल्या. तिथं जोडे चालतात, पण पुरुषांनी टोपी काढायची. रशियाकडच्या ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या) चर्चमध्ये मात्र बायका डोकं झाकतात, तिथंही दुपट्टाच कामी येतो. रोमचं पँथिऑन हे प्राचीन देऊळ लोक नुसतं जुनं स्मारक समजून बघतात, पण इ.स. ६०९ पासून तेही चर्चच आहे.

त्या लेखाखाली कुणीतरी ‘पर्यटकांवर कशाला ही जबरदस्ती’ असं लिहिलंय. अहो, गुरुद्वारात आपण मुकाट्याने रुमाल बांधतोच ना?