ठिणगी पाहून क्रँक सेन्सर कळत नसतो, राजेहो

‘कार उन्हात बंद पडते? मेकॅनिकला पैसे देऊ नका’ असा एक मेसेज व्हिडिओसकट सध्या आर्वीपासून वरुडपर्यंत प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे. त्यातले दावे असे: गरम झाल्यावर गाडी बंद पडली म्हणजे क्रँक सेन्सरच (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, कुठे आहे ते सांगणारा) गेला. त्याच्या वायरींना बॅटरीचे १२ व्होल्ट लावा. ठिणगी पडली तर सेन्सर जिवंत, नाही तर मेला. गरम सेन्सरचे ओहम (म्हणजे विजेला होणारा रोध) वाढलेले दिसले तर फेकून द्या. आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३३५ कोड आला की बाकी काही न पाहता नवा टाका.

आमच्या भाऊजींनी हे मनावर घेतलं आणि तीन वायरींच्या सेन्सरला बॅटरी लावली. आधी सेन्सर बरा होता की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आता तो नक्की मेला आहे.

तर आधी ती ठिणगी. क्रँक सेन्सर मुख्यतः दोन जातींचे, आणि व्हिडिओवाल्याला याचा पत्ताच नाही. पहिल्या जातीत लोहचुंबक आणि त्याभोवती तारेची कॉइल असते, वायरी बहुधा दोन. क्रँकसोबत फिरणाऱ्या चाकाचे दाते समोरून गेले की कॉइलमध्ये वीज तयार होते. बऱ्याच गाड्यांत या चाकावर ६० दात्यांची जागा आणि ५८ च दाते असतात. त्या दोनच्या फटीवरून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं, आणि स्पार्क नि इंधनाची वेळ ठरते. बॉशच्या अशा सेन्सरच्या माहितीपत्रकात कॉइलचा रोध २० अंशांवर ८६० ओहम, दहा टक्के इकडेतिकडे, असा दिला आहे. त्याला १२ व्होल्ट लावले तर करंट जातो जेमतेम १४ मिलीअँपिअर. एवढ्यात कुठली ठिणगी? दणदणीत ठिणगी उडाली तर आतून शॉर्ट आहे, म्हणजे सेन्सर मेलेला. याची चाचणी चांगल्याला मेला ठरवते आणि मेलेल्याला जिवंत!

दुसरी जात हॉलची (चुंबकक्षेत्रातला बदल टिपणाऱ्या चिपची), वायरी तीन: सप्लाय, अर्थ (अर्थिंग) आणि सिग्नल. आत बारीक इलेक्ट्रॉनिक सर्किट. सिग्नलच्या वायरीवर थेट बॅटरी आली, किंवा प्लस-मायनस उलटे झाले, की ते जळू शकतं. कनेक्टर गाडीलाच जोडलेला असेल तर ते १२ व्होल्ट ईसीयूपर्यंत जातात, आणि त्याचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट. याला जुगाड नाही म्हणत, बैताडपणा म्हणतात.

ओहमचा दावा तेच माहितीपत्रक मोडतं. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढणारच, अंशामागे साधारण ०.३९ टक्के. २० अंशांना ८६० असलेली कॉइल १०० अंशांना ११३० च्या आसपास दाखवेल, आणि ती ठणठणीत असेल. गरम असताना मीटर अनंत दाखवतो आणि निवल्यावर परत आकडा येतो, तेव्हा तार आत तुटली समजा. आपल्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघायचा, कारण तो मॉडेलप्रमाणे बदलतो. हॉल सेन्सरला तर ओहम लावूच नका, त्यातून काही कळत नाही.

उन्हाचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य. तापल्यावर सिग्नल तुटणं आणि निवल्यावर गाडी सुरू होणं, ही क्रँक सेन्सरची जुनी खोड आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. पण पेट्रोल पंप, इग्निशन कॉइल, रिले यांनाही हीच खोड असते. म्हणून गाडी बंद पडली त्याच क्षणी, ती गरम असतानाच, तपासायचं. स्कॅनर लावून स्टार्टर मारा आणि आरपीएम बघा: इंजिन फिरत असताना आकडा शून्यच राहिला तर संशय क्रँकच्या सिग्नलवर. दोन वायरींचा असेल तर कनेक्टर काढून, स्टार्टर मारताना, सेन्सरच्या पिनांवर एसी व्होल्ट मोजा. काहीतरी यायलाच हवं. तीन वायरींचा असेल तर चावी ऑन करून आधी सप्लाय आणि अर्थ पोचतोय का ते बघा. सप्लाय गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट असतो. मग कनेक्टर जोडलेला ठेवून, इंजिन पान्याने हळूहळू फिरवत सिग्नल वर-खाली होतो का ते बघा.

राहिला पी०३३५. हा कोड सेन्सरसोबत त्याची वायरिंग आणि कनेक्टर या सगळ्या सर्किटसाठी आहे. गाडी कोठ्यात, कापसाच्या ढिगाशेजारी उभी राहत असेल तर आधी उंदरांनी वायर कुरतडली का ते बघा. सेन्सरचं टोकही बघा, चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो. कोरड्या फडक्यानं पुसला की झालं. एवढं करून सेन्सरच बदलावा लागला, तर काही गाड्यांत नंतर स्कॅनरने रीलर्न (ईसीयूला नव्या सेन्सरची ओळख करून देणं) करावं लागतं, ते दुकानदाराला आधीच विचारून घ्या.