लेण्याद्रीला चाळीस मिनिटं?

आज सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, अष्टविनायकाचा बेत टाकला. रंगीत पीडीएफ, कोपऱ्यात गणपती, खाली तक्ता. शनिवारी पहाटे चारला पुण्यातून निघायचं, रविवारी रात्री अकराला परत. २ दिवसांत ८ गणपती. प्रत्येक देवळापुढे मिनिटं लिहिलेली. मोरगाव ३०. सिद्धटेक ३०. लेण्याद्री ४०. आणि सगळ्यात खाली एक ओळ: "आईचं लेण्याद्री राहिलंय, या वेळी तेवढं पूर्ण करून टाकू."

त्याखाली धडाधड जोडलेले हात आणि "गणपती बाप्पा मोरया". कुणीही विचारलं नाही की आत्या चाळीस मिनिटांत लेण्याद्री कशी चढणार. मी दिवसभर गप्प बसले. संध्याकाळी घरी आले, कुकर लावला, तरी डोक्यातून जाईना. ग्रुपवर लिहिलं तर वाद होईल, म्हणून इथे लिहितेय. दादा इथेही वाचेल. वाचू दे.

आत्याचं लेण्याद्री का राहिलं ते आधी सांगते. मागे आम्ही दोघी एका यात्रा कंपनीच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून गेलो होतो. तेव्हाही दोनच दिवस. लेण्याद्रीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा आधीच उशीर झालेला, कारण वाटेत चाकणला गाडी तासभर अडकली होती. कंपनीचा मुलगा पुढे उभा राहून म्हणाला, "पाऊण तासात सगळे गाडीत पाहिजेत. ज्येष्ठ मंडळींनी खालूनच नमस्कार करून घ्या, बाप्पाला सगळं पोचतं." आत्या तेव्हा सत्तरीच्या पुढची. गुडघे दुखतात तिचे, पण ती चढली असती. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दहा चढायच्या, कठड्याला टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, पुन्हा दहा. दीड तास लागला असता, फार तर. मी म्हटलं, मी डोली करते. डोलीवाले वर गेलेले होते, खाली यायला थोडा वेळ लागणार होता. "ताई, बाकीच्यांचा खोळंबा होतो हो."

आत्याच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दुर्वा. निघायच्या दिवशी पहाटे बॅटरीच्या उजेडात अंगणातून खुडलेल्या, एकवीस-एकवीसच्या जुड्या, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या, प्रत्येक गणपतीची वेगळी. रात्री लॉजवर तिने फडकं पुन्हा भिजवून घेतलं होतं. शेजारच्या सीटवरच्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "द्या काकू, मी वाहते तुमच्या नावाने." आत्याने डबा घट्ट धरला. "नको. मी वर गेले तर मीच वाहीन."

सगळे वर गेले. आम्ही दोघी चहाच्या टपरीवर बसलो.

आता दादाच्या तक्त्याकडे या. अष्टविनायकाची पूर्ण फेरी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. नकाशात बघितलं की वाटतं, त्यात काय, दोन दिवसांत सहज होईल. पण नकाशात शनिवारचं वाघोली दिसत नाही. लोणी काळभोरला ट्रकमागे ट्रक लागलेले दिसत नाहीत. पुणे-नाशिक रस्त्यावरचं चाकण दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी खोपोलीच्या अलीकडे घाटात गाड्या कशा उभ्या असतात ते मुंबईहून येणाऱ्यांना विचारा. हे सगळे तास तक्त्यातून कुठून निघतात? देवळातून निघतात. गाडीचा वेळ कुणालाच कमी करता येत नाही, म्हणून दर्शनाचा होतो. आणि दर्शनातही कुणाचा कमी होतो, तर ज्याला चालायला वेळ लागतो त्याचा.

मला याच गोष्टीचा संताप येतो. यात्रा म्हाताऱ्या माणसाच्या नावाने काढायची, "आईची इच्छा होती" म्हणून सगळ्यांना सांगायचं, आणि बेत मात्र पस्तिशीतल्या धडधाकट माणसाच्या पायांनी आखायचा!

मान्य आहे, सगळ्यांना चार-चार दिवस रजा मिळत नाही आणि लॉजचे पैसे झाडाला लागत नाहीत. दादालाही मिळत नाही, मला माहीत आहे. पुढे.

सिद्धटेकचंच घ्या. पूर्वी दौंडच्या बाजूने गेलं की भीमा होडीने ओलांडावी लागायची. आत्या लहानपणी तशी गेलेली आहे, वडिलांचा हात धरून, आणि ती होडी तिला अजून आठवते. आता पूल झालाय, चांगलंच झालं. पण तिथली मोठी प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला घालायची असते, सुमारे पाच किलोमीटरची, कारण देऊळ टेकडीवर आहे. हरिपंत फडक्यांचं सेनापतिपद गेलं तेव्हा त्यांनी तिथे एकवीस दिवस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालं, अशी कथा तिथे कुणीही सांगतं. आपण तीस मिनिटं देतो. त्यातली वीस चपला आणि रांगेत जातात. आत्या पाच किलोमीटर चालणार नाही, मला कळतं. पण तिला नदीकाठी जरा बसायचं असेल, ती होडी कुठून निघायची ते शोधायचं असेल, तर तेवढं तरी जमेल का?

थेऊरला तर लोक अक्षरशः धावत आत-बाहेर करतात, पुण्यापासून जवळ म्हणून. तिथला तो लाकडी सभामंडप. माधवराव पेशवे शेवटच्या दुखण्यात तिथेच राहायला होते, चिंतामणीच्या सान्निध्यात, आणि १७७२ साली तिथेच गेले. रमाबाई तिथेच सती गेल्या. आत्याने माझ्या लहानपणी मला ही गोष्ट सांगितली होती, दुपारी गोधडीवर आडवं पडून, आणि सांगताना तिचा आवाज बदलला होता. त्या यात्रेत आम्हाला थेऊरला किती वेळ मिळाला? पार्किंगपासून देवळापर्यंतची दुकानं ओलांडून आत जाण्याइतका. आत्या मंडपात एका खांबाला हात लावून उभी राहिली आणि लगेच मागून हाक आली, "चला, चला."

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कारण त्या चहाच्या टपरीवर ती रडली-बिडली नाही. उलट मला विचारलं, "वर म्हणे एवढा मोठा मंडप आणि एकही खांब नाही. खरं का गं?" मी लेण्याद्री आधी बघितली होती. म्हटलं, खरं आहे आत्या. मुळात तो बौद्ध भिक्खूंचा विहार, डोंगरात कोरलेला, भोवती त्यांच्या राहायच्या लहान लहान खोल्या, आणि तिथेच भिंतीत गिरिजात्मज. खांब एकही नाही. वर सगळा डोंगर. ती बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "माकडं आहेत ना वर? डबा पदराखाली धरायला लागला असता." म्हणजे मनाने ती पायऱ्या चढत होती.

आमचा ड्रायव्हर तेव्हा स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. आत्याने त्याच्यासाठी चहा पाठवला, तेव्हा कळलं की तो आदल्या रात्री शिर्डीची ट्रिप सोडून, अंघोळ करून, थेट आमच्या गाडीवर आला होता. पंचविशीचा पोरगा. आम्ही सगळे त्याच्या भरवशावर. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ सालीच झाला, दिवसाला ८ तास काम असं त्यात लिहिलं होतं. दादाच्या तक्त्यात पहिल्या दिवशी पहाटे चार ते रात्री दहा आहे. अठरा तास! मधल्या थांब्यांना ड्रायव्हर झोपेल, असं म्हणणार असाल तर कधी तरी सिद्धटेकच्या पार्किंगमध्ये मे महिन्यात गाडीत झोपून दाखवा. या मुलाला कुणी सांगायचं की बाबा, नाही म्हण? त्याने नाही म्हटलं की दुसरा येतो. मला देवाच्या दारात जायचं आणि त्यासाठी एका पोराची दोन रात्रींची झोप घ्यायची, हे पटत नाही. तुम्हाला पटतं? मला माहीत आहे, नाही पटत. पण गाडी ठरवताना आपण विचारत नाही की काल कुठे होता, कधी झोपलास. विचारा. फोनवरच विचारा. मालकाला राग आला तर दुसरी गाडी बघा.

दादा म्हणेल, विधीप्रमाणे मोरगावला सुरुवात आणि मोरगावलाच शेवट करायचा असतो, मधे खंड पडायला नको. ज्यांचा तसा नेम आहे त्यांनी जरूर करावं, मी कोण अडवणार. पण मग पूर्ण क्रमच पाळायला हवा. त्यात सिद्धटेकनंतर पाली येतं, म्हणजे भीमाकाठावरून उठायचं, पुणं ओलांडायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पुन्हा थेऊरला वर यायचं. दोन दिवसांच्या एकाही तक्त्यात हा क्रम मी बघितलेला नाही, दादाच्याही नाही. डिझेल वाचवायला क्रम बदललेला चालतो, तर आत्याच्या गुडघ्यांसाठी खंड का चालू नये?

त्या दिवशी उरलेली जुडी तिने घरी आल्यावर देव्हाऱ्यातल्या गणपतीला वाहिली. चकार शब्द बोलली नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "छान झाली यात्रा, सात झाले." तिने तक्रार केली नाही म्हणून दादाला वाटतं की तिला फक्त आकडा पुरा करायचाय. नाही दादा. तिला स्वतःच्या पायांनी, नाहीतर डोलीने, पण स्वतः वर जायचंय आणि स्वतःच्या हाताने ती जुडी ठेवायचीय. तुझी आई आहे ती. एकदा तिच्याशेजारी बसून विचार.

माझा बेत असा आहे. आठही एका दमात करायचेच नाहीत. तीन दिशा, तीन खेपा. सुट्टीच्या दिवशी नाही, संकष्टीला नाही, अंगारकीला तर नाहीच.

पहिली खेप लेण्याद्रीची, कारण ते राहिलंय. दुपारी जेवून आरामात निघायचं, वाटेत रांजणगाव, मुक्काम ओझरला. तिथे भक्तनिवास आहे, संध्याकाळी विघ्नेश्वराची आरती मिळेल, आणि चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर त्या देवळाचा जीर्णोद्धार केला ती गोष्ट आत्याच सांगेल, मी नको. दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत लेण्याद्री. ओझरहून फार लांब नाही. डोलीवाल्यांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवायचं. त्या दिवशी दुसरं काहीही नाही. वर बसायचंय तितकं बसू दे तिला. उतरल्यावर जुन्नरला जेवायचं आणि घरी.

दुसरी खेप थेऊर, मोरगाव, सिद्धटेक. रात्री दौंडला नाहीतर बारामतीला राहायचं. मोरगावला नंदी आहे देवळासमोर, गणपतीच्या दारात नंदी, तो आत्याला नातवंडांना दाखवायचाय. म्हणजे मुलंही हवीत, म्हणजे शाळेची सुट्टी बघायला हवी. बघू.

तिसरी महड आणि पाली. पावसाळा संपू दे, ताम्हिणीच्या वाटेला मी जुलै-ऑगस्टमध्ये कुणालाच जा म्हणणार नाही. खोपोलीवरून जायचं. महडला भाविकांना गाभाऱ्यात जाऊन स्वतः फुलं-दुर्वा वाहता येतात, ही तिथली रीत. आत्याला तिथे किती बरं वाटेल, मला आत्ताच दिसतंय. मग पालीला मुक्काम. सकाळी आधी धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर, मागे सरसगड. कुठेही धावायचं नाही.

खर्च जास्त होईल. होऊ दे. माझ्या दिवाळीच्या बोनसमधून दोन मुक्काम मी करते, दादा, डिझेल तू कर. गाडी आपलीच घेऊ, आळीपाळीने चालवू.

आता मंडळी, तुमच्याकडून एक हवंय. पालीत देवळाच्या जवळ तळमजल्यावरची खोली कुणाला माहीत आहे का? कमोड हवा, आणि शेजारी धरायला दांडी असेल तर फारच उत्तम. आत्याला उकिडवं बसता येत नाही. लॉजवाले फोनवर सगळं आहे म्हणतात आणि गेल्यावर जिना चढायला लावतात, म्हणून ज्यांनी आपल्या आईवडिलांना तिथे खरंच ठेवलंय त्यांनीच सांगा. दौंड-सिद्धटेक रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट असलेला पेट्रोल पंप माहीत असेल तर तोही लिहा.