ड्रेस्डेनचं चर्च आणि रायगडाची जोती

रायगडावरचा राजवाडा पुन्हा बांधावा का, हा वाद आमच्या फॅमिली ग्रुपवर पेटला की कुणीतरी युरोपला मध्ये आणतंच. "जर्मन लोकांनी बघ, बॉम्बने उडालेली शहरं जशीच्या तशी उभी केली, आपण अजून नुसती जोती दाखवतोय!" मी बर्लिनला राहते, म्हणजे उत्तर द्यायचं काम माझ्याकडेच. मग ड्रेस्डेनलाच जाऊन आले, ट्रेनने दोन तास, सकाळी निघून रात्री घरी.

तर जसंच्या तसं वगैरे अजिबात नाहीये. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी जुनं शहर जाळलं, २५,००० पर्यंत माणसं गेली, आणि फ्राउएनकिर्शे हे प्रचंड घुमटाचं चर्च आगीत दोन रात्री तग धरून १५ तारखेला सकाळी कोसळलं. तो ढिगारा पूर्व जर्मनीच्या सरकारने युद्धाची आठवण म्हणून चाळीसेक वर्षं तसाच ठेवला, आणि त्याच सरकारने साठच्या दशकात सोफियनकिर्शे नावाच्या दुसऱ्या चर्चचे उभे अवशेष सरळ पाडून टाकले. एकाच गावात दोन न्याय, आपल्याला हे नवीन नाही.

चर्च परत बांधलं १९९४ ते २००५ मध्ये, सुमारे १८ कोटी युरो लागले, त्यातला मोठा वाटा देणग्यांचा. घुमटावरचा सोनेरी क्रॉस घडवला तो लंडनच्या एका सोनाराने, त्याचे वडील त्या हल्ल्यातले वैमानिक होते. पण ग्रुपवर वाडा बांधा म्हणणाऱ्या माझ्या दादाला मला सांगायचंय ते वेगळंच. यांच्याकडे नकाशे होते, फोटो होते, युद्धाआधीच्या दुरुस्तीची मोजमापं होती, ढिगाऱ्यातल्या एकेका दगडाला नंबर देऊन तो मुळात कुठे बसत असेल ते कॉम्प्युटरवर शोधलं, म्हणून आज भिंतीत काळे दगड जुने आणि फिकट दगड नवे असं साध्या डोळ्यांनी कळतं. आणि एवढं असूनही हेरिटेजवाल्या कित्येक तज्ज्ञांचा विरोध होता!

समोरच्या नॉयमार्क्ट चौकात मात्र बाहेरून अठरावं शतक, आत काँक्रीट, हॉटेलं, दुकानं. कॉफी प्यायला मस्त. अर्ध्या तासाने सेटवर बसल्यासारखं वाटायला लागतं.

रायगडाचं काय? मे १८१८ मध्ये कंपनीच्या तोफांनी गडावर आग लागली, लाकडी वरचं सगळं जळालं, दगडी जोती राहिली. मजले किती होते, छप्पर कसं होतं, खांबांवर नक्षी कुठली, याची ड्रॉइंग्ज नाहीत. मग आपण जे बांधू ते टीव्ही सिरियलच्या आर्ट डायरेक्टरच्या डोक्यातलं असणार, आणि पन्नास वर्षांनी पोरं तेच खरं मानणार.

दादा म्हणतो, लहान पोराला भर उन्हात जोतं दाखवून काय कळणार? हा मुद्दा मला पटतो, फ्राउएनकिर्शेच्या घुमटाखाली मान वर करून उभं राहिल्यावर जे वाटतं ते ढिगाऱ्यापुढे नक्कीच वाटलं नसतं. पण त्यासाठी खाली पाचाडला चांगलं मॉडेल करा, स्क्रीनवर दोन-तीन शक्यता दाखवा, वर जिथे पुरावा आहे तेवढंच सावरा.

आणि २०२५ मध्ये रायगड युनेस्कोच्या यादीत आला म्हणून आता सगळं सेफ, असंही नाही हं. ड्रेस्डेनच्या एल्ब नदीच्या खोऱ्याचा दर्जा २००९ मध्ये एका पुलापायी गेला. लोकांनी मतदानात पूल निवडला होता, आज त्यावरून आरामात गाड्या जातात.

बांधायचंच असेल तर आधी १८१८ ची ती आग तरी लोकांना नीट सांगा, आमच्या ग्रुपवर अर्ध्या लोकांना अजून वाटतं की राजवाडा औरंगजेबाने जाळला.