पुलाचं वय सगळे विचारतात, भराव कोण विचारणार?

2025 च्या जूनमध्ये कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत गेला. पुढच्याच महिन्यात गुजरातेत महीसागर नदीवरचा गंभीरा पूल तुटला आणि चालत्या गाड्या खाली कोसळल्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक ग्रुपवर 'आता आपल्या पुलाचा नंबर' असे मेसेज सुरू आहेत, सोबत सांगलीच्या आयर्विनचा, म्हणजे कृष्णेवरच्या आमच्या जुन्या पुलाचा, पुरातला फोटो. एक गट म्हणतोय पाडा. दुसरा म्हणतोय हात लावून दाखवा, आमची शान आहे. मी नदीपलीकडच्या सांगलीवाडीचा, रोज पूल ओलांडून सांगलीच्या बाजारपेठेत कामाला जाणारा. मला दोन्ही गटांशी भांडायचंय.

आधी त्या लंडनच्या पत्राचं. 'इंग्रजांनी पत्र पाठवून कळवलंय की पुलाची मुदत संपली' ही गोष्ट मी आयर्विनबद्दल ऐकली, कऱ्हाडच्या पुलाबद्दल ऐकली आणि माहुलीच्या पुलाबद्दलही ऐकली. महाराष्ट्रातल्या एकूण एक जुन्या पुलाच्या नावे हे पत्र आलेलं आहे आणि ते कुणीही पाहिलेलं नाही. आयर्विनच्या बाबतीत तर मजाच आहे. हा पूल इंग्रज सरकारनं नव्हे, सांगली संस्थानानं बांधला. 1929 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनाला आले म्हणून त्यांचं नाव पडलं. पाहुण्याच्या नावाचा पूल, आणि त्याची एक्सपायरी डेट पाहुण्याच्या गावात ठेवलेली! असो.

वयाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा. गंभीरा पूल 1985 चा होता, म्हणजे चाळिशीचा. आयर्विन शंभरीला टेकलाय. नुसत्या वयावर जायचं तर हिशेब उलटा यायला हवा होता. आयर्विन दगडी कमानींचा, आणि अशा पुलात गंजायला लोखंड नसतं. वरचं वजन कमानीतून दगडावर दगड दाबत खाली पायापर्यंत जातं, आणि दगड दाबाला भक्कम असतो. त्याचा जीव असतो पायात. पुराच्या पाण्याला वेग आला की खांबाभोवती भोवरे तयार होतात आणि पायाखालची माती-वाळू खरवडून नेतात. वरून पूल ठणठणीत दिसतो, खाली पोकळी पडलेली असते. त्यात कमानींचं आणखी एक दुखणं आहे. शेजारशेजारच्या दोन कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. मधला एक खांब हलला की एका बाजूचा रेटा नाहीसा होतो आणि लगतच्या कमानीही जातात. महाडला 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीचा दगडी पूल पुरात गेला, दोन एसट्या प्रवाशांसकट गेल्या. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. 2019 च्या पावसाळ्यात कऱ्हाडच्या जुन्या कृष्णा पुलाचा काही भाग कोसळला, तोही भर पाण्याच्या दिवसांत.

त्यामुळे 'स्ट्रक्चरल ऑडिट झालंय' असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, पाण्याखाली कोण उतरलं होतं? उन्हाळ्यात पात्र उघडं पडतं तेव्हा पाया कुणी तपासला? नदीत वाळूउपसा किती झाला आणि त्यानं तळ किती खाली गेला, हे कुणी मोजलं? कमानीच्या सांध्यात पिंपळ उगवलेला खालून पोरांनाही दिसतो. तो नुसता छाटून जात नाही, मुळासकट काढून सांधे पुन्हा भरावे लागतात. आणि दरवेळी जुनं डांबर न खरवडता वर नवा थर चढवायचा, ही जी आपली सवय आहे, तिनं किती वजन वाढतं याचा विचार ठेकेदार करणार नाही. अहवाल असेल तर तो टिळक चौकात मराठीत लावा. मी तरी अजून लावलेला पाहिला नाही.

म्हणजे आयर्विन पाडायचा? मला विचाराल तर नाही. तपासणीत पाया ठीक निघाला तर पायी चालणाऱ्यांना, सायकली आणि दुचाक्यांना ठेवावा. पाया ठीक नसेल तर मात्र भावनेत अडकू नये. शान वगैरे पुरात वाहून जाते.

आता खरं बोलायचंय ते पुढंच. पूल म्हटलं की आपण नदीवरचा तुकडा बघतो. खांब किती, रुंदी किती, रोषणाई कुठल्या रंगाची. पूल सुरू होतो त्याच्या आधीचा आणि संपतो त्याच्या पुढचा रस्ता कुणी बघत नाही. सांगलीचं दुखणं तिथं आहे.

आपल्याकडं कृष्णेला उतार फार कमी. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. तिघींना एकदम पूर आला की वरचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. अशा वेळी नदी पात्रात राहतच नाही, दोन्ही काठच्या मळ्यांतून वाहते. ती सगळी जागा तिचीच आहे. पूरपट्ट्यात आपण मातीचा भराव टाकून उंच रस्ता केला की तो रस्ता न राहता बांध होतो. शेताच्या पाटात पाचोळा अडकला की पाणी मागं तुंबून सरीबाहेर जातं, तसंच. दोनचार मोऱ्या ठेवल्या म्हणजे पाण्याला वाट दिली असं होत नाही. मैलभर पसरलेलं पाणी पुलाखालच्या अरुंद वाटेनं जायला लागतं, वेग वाढतो, आणि तोच वेग मग खांबाच्या पायाला खरवडतो. म्हणजे भराव गावालाही बुडवतो आणि पुलालाही पोखरतो.

कोल्हापूरकरांना हे शिरोलीजवळ कळलं. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला पुणे-बंगळूर महामार्ग पंचगंगेच्या पाण्यानं बंद पडला आणि महामार्गाच्या भरावावर बोट ठेवलं गेलं. आपल्याकडं अंकलीला जाऊन बघा. कोल्हापूरचा जुना रस्ता, शेजारून रेल्वे, आता चौपदरी महामार्ग. प्रत्येक काम वेगळ्या खात्याचं, प्रत्येकाचा नकाशा वेगळा. पाण्याला मात्र हे सगळे भराव एकापाठोपाठ एक भेटतात. एकत्र हिशेब कोण करणार?

काहीजण चिडतील, पण लिहितोच. अलमट्टीवर, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणावर, बोलायला आपल्याकडं सगळे तयार असतात; पुराचा दोष त्याच्या फुगवट्याला देतात. धरणाची पाणीपातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरवर न्यायचा कर्नाटकचा आग्रह आहे, त्याला विरोध व्हायलाच हवा, मीही मोर्चात चालेन. पण कर्नाटकाला जाब विचारताना स्वतःच्या तालुक्यातल्या भरावाबद्दल मिठाची गुळणी धरून बसायचं, हे कसं चालेल?

आता उलट बाजू. भराव नको म्हणून रस्ता खालीच ठेवला तर काय होतं, तेही आपण भोगलंय. आयर्विनजवळ पाण्याची पातळी 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्याच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या सखल वस्त्यांतली माणसं सामान बांधायला लागतात. 2005 ला पाणी 53 फुटांवर गेलं तेव्हा वाटलं, यापुढं काही नाही. 2019 ला ते 57 च्या वर गेलं. टिळक चौक, हरभट रोड पाण्यात. पूल उभा, पण पुलावर जायला वाट नाही. त्याच पुरात ब्रह्मनाळला गावातली माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. रस्ते बुडाल्यावर नावेशिवाय दुसरं होतं काय त्यांच्याकडं?

तेव्हा उत्तर एकच उरतं. पूरपट्ट्यातला जोडरस्तासुद्धा खांबांवर घ्या किंवा कमानींवर घ्या, खालून पाणी मोकळं जाऊ द्या. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. पण मातीचा भराव स्वस्त पडतो, खांबांवरचा रस्ता महाग. टेंडरमध्ये स्वस्त जिंकतं, आणि पूर आला की पंचनाम्याचे पैसे वेगळ्या खात्यातून जातात, म्हणून कुणाचाच हिशेब चुकत नाही.

शहराच्या बाजूला वेगळा तिढा आहे. पूल उंच करा म्हणणं सोपं. पण उतार दर 30 मीटरला 1 मीटर धरला तर 5 मीटर उंची उतरायलाच दीडशे मीटर रस्ता लागतो. आमच्या पेठेत दीडशे मीटर म्हणजे किती दुकानं, मोजा. व्यापारी विरोध करतात तेव्हा वाडीतले आम्ही त्यांना शिव्या घालतो, ते बरोबर नाही. दुकानासमोर भिंत उभी राहिली तर मीही ओरडलो असतो. याचा निकाल नकाशा आधी दाखवूनच लागेल, जेसीबी आल्यावर नाही.

आणि मुदत! सांगलीतल्याच चिंतामणीनगरचा रेल्वेवरचा पूल 2023 मध्ये पाडला, पुढं मुदतींचं काय झालं ते त्या बाजूच्या माणसांना विचारा. महाडला सावित्रीवरचा नवा पूल मात्र 2017 च्या जूनमध्ये सुरू झाला, दुर्घटनेला वर्ष व्हायच्या आत. म्हणजे करायचं ठरवलं की होतं. माणसं गेल्यावरच ठरवायचं का, एवढाच प्रश्न.

आयर्विनच्या शेजारी नवा पूल बांधला, चांगलं झालं. त्याबद्दल मला तीन गोष्टी हव्यात. नवे खांब जुन्या खांबांच्या रेषेत आहेत का, नसतील तर पुरात पाण्याला किती अडथळा होतो? 2019 एवढं पाणी आलं तर पुलापासून लक्ष्मी फाट्यापर्यंतचा रस्ता कुठं कुठं बुडतो? आणि वाडीच्या बाजूला यापुढं भराव प्रस्तावित आहे का? माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. पण वाडीच्या बाजूच्या जोडरस्त्याचा नकाशा कुणाकडं आधीच असेल, मग तो पाणंदीच्या भांडणात मिळालेला का असेना, तर मला पाठवा. नाव कुठं येणार नाही.