गच्चीच्या कामातला ‘एक लाख नफा’: खजिनदार काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण निवृत्त बँक अधिकारी आहात आणि सोसायटीचे खजिनदार आहात असं म्हटलंय, म्हणून काका म्हणते. मागच्या लेखात मी कंत्राटदार म्हणून केलेलं १,५०० चौरस फुटांच्या एका गच्चीचं काम सांगितलं होतं: जुना कोबा (गळती अडवायला स्लॅबवर घातलेला थर) फोडून नवा विटांचा कोबा, चौरस फुटाला १६० रुपये, बिल २ लाख ४० हजार. त्यावर तुम्ही लिहिलंत, “साहित्य ८५ हजार, मजुरी ५५ हजार, हे आकडे तुमचेच. म्हणजे बारा दिवसांत एक लाख नफा. वर चाळीस टक्के आगाऊ आणि १८ टक्के जीएसटी. सिमेंटवरचा कर २८ वरून १८ झाला तरी दर तोच. निवृत्त माणसांच्या ठेवींवर हा धंदा चालतो.”

शेवटचं वाक्य लागलं. पण आधी हे कबूल करते की त्या लेखातला हिशेब अर्धवट होता आणि तो मीच तसा लिहिला होता. साहित्य आणि मजुरी सांगून थांबले. वजाबाकी करणारा माणूस त्यातून एक लाखच काढणार. म्हणून आज उरलेली वही उघडते.

पहिली गोष्ट राडारोड्याची. १,५०० फुटांवर सरासरी चार इंच जाडीचा कोबा म्हणजे ५०० घनफूट, पाच ब्रास. फोडल्यावर तो फुगतो आणि सात ब्रासच्या आसपास जातो. चौथ्या मजल्यावरची लिफ्ट या कामाला वापरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग गोण्या भरायच्या, कप्पीने किंवा पाठीवर खाली उतरवायच्या, टेम्पोत भरायच्या आणि जिथे टाकायला परवानगी आहे तिथेच नेऊन टाकायच्या. रात्री नदीकाठी ओतला तर निम्म्यात भागतं. मी ओतत नाही. या कामात त्याचे १८ हजार गेले. कोबा झाल्यावर त्यावर आळी, म्हणजे छोटे बांध, करून पाणी साठवायचं, आठवडाभर ते आटू द्यायचं नाही, त्यासाठी रोज फेरी मारणाऱ्या माणसाचे ३ हजार. तुमच्या एक लाखाचे इथेच ७९ हजार झाले.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची, आणि माझ्या मते सगळा दर तिथेच ठरतो. गच्चीचं काम उघड्यावरचं. पुण्यात परतीचा पाऊस ओसरतो तो ऑक्टोबरच्या मध्यावर, आणि मोसमी पाऊस येतो १० जूनच्या सुमारास. हे झाले २४० दिवस. त्यात दिवाळीला मराठवाड्यातली पोरं गावी जातात, बिहारची पोरं छठ करूनच परततात, होळीला पुन्हा आठवडा जातो. आमच्याकडे रविवारी काम चालू असतं, पण अमावास्येला गवंडी थापीला हात लावत नाहीत. अवकाळीचे दिवस वेगळेच. माझ्या वहीत साधारण वर्षात हजेरी लागते ती १९२ दिवसांची. बाकीच्या १७३ दिवसांत एक रुपयाचं बिल होत नाही, पण गोदामाचा मालक भाडं मागतो आणि टेम्पोचा हप्ता खात्यातून वळता होतो.

तो बारमाही खर्चही सांगते. गोदाम महिना १२ हजार, टेम्पोचा हप्ता १४ हजार, सुपरवायझरचा पगार २२ हजार. एवढ्यातच वर्षाचे ५ लाख ७६ हजार झाले. टेम्पोचं डिझेल, विमा, दुरुस्ती मिळून ९६ हजार. मजुरांची विमा पॉलिसी, सीएची फी, दोर, हार्नेस, ब्रेकर मशीनची दुरुस्ती यांचे १ लाख ८ हजार. आणि तीन मिस्त्री पावसाळ्याचे चार महिने अर्ध्या पगारावर धरून ठेवते, माणशी महिना १५ हजार, त्यांचे १ लाख ८० हजार. एकूण ९ लाख ६० हजार. भागिले १९२. कामाच्या प्रत्येक दिवसावर ५ हजार रुपयांचं ओझं येतं. बारा दिवसांचे ६० हजार.

७९ मधून ६० गेले, उरले १९. गळती निघाली तर पुन्हा जावं लागतं, म्हणून प्रत्येक बिलाचे तीन टक्के मी वेगळ्या खात्यात टाकते. इथे ते ७,२०० होतात. माझ्या हातात राहिले ११,८००, म्हणजे दिवसाला हजारालाही थोडे कमी. माझ्या मिस्त्रीची रोजची मजुरी १,२०० आहे. दोन कामं एकदम चालू असतात तेव्हा हे ओझं वाटलं जातं आणि चार पैसे बरे सुटतात. वर्षातून असे पन्नासेक दिवस मिळतात, त्यावर आमचं घर चालतं. तुम्ही बँकेत उमेदीची सगळी वर्षं लोकांचे ताळेबंद वाचलेत, हाही वाचा. यातला कोणता आकडा फुगवलेला वाटतो ते सांगा, मी पावती दाखवीन.

पावसाळ्यात मिस्त्री कशाला पोसायचे, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. सोडले तर ते मोठ्या बिल्डरच्या साइटवर जातात आणि ऑक्टोबरात परत येत नाहीत. शंभर फुटांना एक फूट उतार फक्त दोरी आणि पाणसळीवर बिनचूक काढणं, भिंत आणि स्लॅबच्या सांध्यात गोळा वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी गोलसर पट्टी, एकसारखा ओढणं, हे नाक्यावरून सकाळी उचललेल्या माणसाला येत नाही. माझे वडील याच कामातले. वय झालंय, तरी अजून साइटवर येतात आणि थापीच्या दांड्याने सगळा कोबा ठोकत फिरतात. जिथे पोकळ वाजतं तिथे खडूने गोल करतात. तो गोल पुसायचा तर तेवढा तुकडा फोडूनच.

आता सिमेंटच्या जीएसटीबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ चा १८ झाला, हे खरं. पण मी नोंदणीकृत आहे, आणि सिमेंटवर भरलेला कर मला माझ्या बिलातल्या करातून वळता करून मिळतो. आधी २८ वळता व्हायचा, आता १८ होतो. माझा खर्च तेवढाच राहतो, त्यामुळे दरही. नोंदणी नसलेल्या गवंड्याला किंवा स्वतः सिमेंट आणून घर दुरुस्त करणाऱ्याला फरक पडला आहे, आणि त्यांच्यापुरता तुमचा मुद्दा बरोबर आहे. त्या बिलावरचे १८ टक्के, म्हणजे ४३,२००, माझे नाहीत. आगाऊ रक्कम आली की तिच्यावरही कर, बिल फाडलं की उरलेल्यावर कर, आणि तो पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. सोसायटीने चेक चार महिन्यांनी दिला तरी सरकार थांबत नाही.

यावरून आगाऊ रकमेकडे येते. सिमेंटवाला पंधरा दिवसांची उधारी देतो. केमिकलवाला रोख मागतो. मजुरांना दर शनिवारी खर्ची द्यावी लागते आणि हंगाम सुरू होताना उचल. चाळीस टक्के म्हणजे ९६ हजार, त्यातून जेमतेम साहित्य येतं. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीत मी वीस टक्क्यांवर काम धरलं. काम संपलं, पाणी साठवून तपासणी झाली, सेक्रेटरींनी सही दिली. मग कमिटी बदलली. नव्या कमिटीचं म्हणणं, हा खर्च जुन्यांनी ठरवला, आम्ही बघून सांगतो. ७० हजार दोन वर्षं अडकले. त्या वर्षी आईच्या बांगड्या गहाण ठेवून मी मजुरांची दिवाळी केली. कोर्टात गेले असते तर वकिलाची फी आणि फेऱ्या धरून हातात काय उरलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून चाळीसच्या खाली येत नाही.

आणि २०२५ चा मे. मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबई-पुण्यात पोहोचला, त्याआधीचा आठवडाही पावसातच गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची कामं आम्ही घेतलेली होती. दोन गच्च्या तशाच उघड्या, कोबा फोडलेला, खाली नुसती स्लॅब. वरच्या मजल्यावरच्या एका आजींच्या देवघरात पाणी ठिबकायला लागलं. रात्री अकरा वाजता ताडपत्र्या शोधत फिरलो. सकाळी पोरांनी गुडघाभर भिजून पाणी उपसलं, आणि आठवड्याभरात सगळे गावी गेले, पेरणी जवळ आली म्हणून. साठ गोण्या सिमेंट ओल लागून दगड झालं. दोन सोसायट्यांचं काम ऑक्टोबरात पूर्ण केलं, आधीच्याच दरात. त्या आजींच्या छताचा रंग माझ्या खर्चाने काढून दिला, कारण त्यांचं छत मी उघडं टाकलं होतं.

तुमच्या हातात तीन कोटेशन असतील आणि त्यातलं एक ११० रुपयांचं असेल. त्या माणसाला चोर म्हणणार नाही. फक्त त्याला चार गोष्टी विचारा. कोबा किती जाड? पाणी किती दिवस साठवून दाखवणार? राडारोडा कुठे टाकणार? मजुरांची पॉलिसी आहे का? चौथा प्रश्न मी मुद्दाम विचारायला सांगते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे पॉलिसी नव्हती. एक मिस्त्री परांचीवरून घसरला, खुबा मोडला. दवाखान्याचं सगळं बिल आम्ही कर्ज काढून भरलं. तो आज चालतो, पण परांचीवर चढत नाही. त्याचं पोट हातावरचं होतं, ते माझ्या निष्काळजीपणामुळे गेलं, हे मला रोज आठवतं. हार्नेसशिवाय कठड्याच्या पलीकडे आता कुणालाही जाऊ देत नाही, दिवस बुडाला तरी चालेल.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटलं. तुम्ही लिहिलंत की सात वर्षांची गॅरंटी कागदावर असते आणि कामाचे सगळे पैसे आधीच गेलेले असतात, मग ठेवीदाराने कशाच्या जोरावर बोलवायचं? खरं आहे. मी बोलावल्यावर जाते, पण तुम्ही माझ्या शब्दावर का विश्वास ठेवावा? म्हणून या हंगामापासून करारात बदल करते आहे. शेवटचे दहा टक्के सोसायटीकडेच राहतील, आणि पहिल्या पावसाळ्यात ३१ जुलैला वरच्या मजल्याची छतं एकत्र पाहिल्यावर ते द्यायचे. गॅरंटीत काय बसतं आणि काय नाही, तेही मोठ्या अक्षरात पहिल्याच पानावर येईल. डिश अँटेना बसवायला कुणी कोब्यात खिळे ठोकले तर ते बसत नाही, हेसुद्धा.

दर खाली आणायचा असेल तर एक वाट आहे, आणि ती तुमच्या हातात आहे. बहुतेक सोसायट्या गळती आठवली की मे महिन्यात फोन करतात. तेव्हा मजुरी चढलेली असते, ऊन इतकं की कोबा तडकू नये म्हणून पाणी दुप्पट मारावं लागतं, आणि डोक्यावर पाऊस. तुमची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतेच. ठराव तेव्हाच करून घ्या, ऑक्टोबरात कोटेशन मागवा, काम डिसेंबर-जानेवारीत द्या. त्या दोन महिन्यांत माझी माणसं रिकामी बसू नयेत म्हणून मी १६० चं १४५ ला करते. तुमच्या गच्चीचं माप घ्यायला येईन. त्याचे पैसे घेत नाही. वडिलांनाही बरोबर आणीन, जुना कोबा सगळाच फोडायची गरज आहे की नुसत्या वाटा आणि भेगा भरून भागेल, हे ते ठोकून सांगतील. भागणार असेल तर खर्च बराच कमी येईल, आणि मी तुम्हाला तेच करायला सांगेन.